टॅम्पा बेच्या हिवाळ्यात गळ टाकताना: नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

नोव्हेंबर ते मार्च या काळात फ्लोरिडातल्या टॅम्पा, सेंट पीटर्सबर्ग, ब्रॅंडन भागात राहायला आलेली आपली बरीच मंडळी मला विचारतात, "आता थंडीत मासे कुठले मिळणार? उन्हाळ्यात बघू." तसं करू नका. इथला हिवाळा गळाच्या मासेमारीसाठी फार चांगला. ऊन सोसवतं, डास नसतात, दुपारच्या वादळांची धास्ती नसते आणि खाडीतलं पाणी वर्षातलं सगळ्यात नितळ असतं. सगळे मासे खाडी सोडून जात नाहीत. काही जाती जातात, पण ज्या राहतात त्या फक्त जागा बदलतात आणि मंदावतात. त्यांनी कुठली जागा धरली आहे हे पाण्याचं तापमान आणि वारा यांवरून कळतं. हे दोन वाचायला शिकलात की आमिष, काठी, रीळ या गोष्टी मागाहून आल्या तरी चालतात.

कोकणातून आलेल्यांना पहिली अडचण येते ती भरती-ओहोटीची. तिथीला पाऊणने गुणायचं आणि भरतीची वेळ काढायची, हे आपल्याकडे लहान पोरालाही येतं. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि दिवसातून दोनदा घड्याळ लावल्यासारखं येतं. टॅम्पा बेमध्ये हा हिशोब विसरा. इथे भरती आणि सुकतीत बहुतेक वेळा एक मीटरचाही फरक नसतो. दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि काही दिवशी तर एकच मोठी भरती आणि एकच मोठी ओहोटी होते. चंद्राचा जोर इतका कमी, म्हणून वाऱ्याचा जोर जास्त. थंडीची लाट येऊन गेली की उत्तरेकडचा वारा खाडीतलं पाणी अक्षरशः ढकलून मेक्सिकोच्या आखातात नेतो. तक्त्यात लिहिलेल्या ओहोटीपेक्षा पाणी आणखी खाली जातं आणि भरती यायची ती येतच नाही. म्हणून नुसता छापील तक्ता बघून निघू नका. नोआ या अमेरिकेच्या सरकारी हवामान आणि समुद्र संस्थेची पोर्ट्स नावाची यंत्रणा टॅम्पा बेमधल्या ठिकठिकाणच्या पाण्याची प्रत्यक्ष पातळी आणि वारा त्या क्षणाला दाखवते, तीही फुकट. घरातून निघण्यापूर्वी ती बघायची सवय लावा.

अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. उन्हाळ्यात इथल्या सर्वांत खोल ओहोट्या रात्री होतात, हिवाळ्यात दिवसाउजेडी, बहुधा सकाळी. शून्याच्या खाली गेलेली अशी ओहोटी म्हणजे नवख्या माणसाला मिळालेली शाळाच. फोर्ट डी सोटोच्या मागच्या बाजूला, वीडन आयलंडजवळ किंवा पिकनिक आयलंडला जा आणि उघड्या पडलेल्या तळावर नजर टाका. सागरी गवताच्या पट्ट्यांत पांढऱ्या वाळूचे खळगे दिसतील, कालवांचे (ऑयस्टरचे) बांध दिसतील, मधूनच एखादी नाळ खोल पाण्याकडे गेलेली दिसेल. फोनवर फोटो काढा, नकाशावर खुणा करा. उथळ पाणी निघून गेल्यावर रेडफिश आणि ट्राउट त्याच खळग्यांत आणि नाळांत दाटीने उभे राहतात. पाणी परत चढू लागलं की कालवांच्या बांधाच्या कडेने वर सरकतात. पाणी भरलेलं असताना यातलं काहीच दिसत नाही, सगळीकडे एकसारखी चमक.

आता थंडीच्या लाटांबद्दल. हिवाळाभर दर पाच-सात दिवसांनी उत्तरेकडून एक फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, खाली उतरतो आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी दक्षिणेचा दमट, उबदार वारा सुटतो, ढग येतात, हवेचा दाब उतरतो. हा दिवस सोडू नका. मासे या वेळी हावरटासारखे खातात. मग पावसाची सर, वारा वायव्येला फिरतो, रात्रीतून पारा धाडकन उतरतो. दुसऱ्या दिवशी निरभ्र निळं आकाश आणि कडक ऊन असतं. सुट्टी असेल तर सगळे नवखे त्याच दिवशी बाहेर पडतात आणि रिकाम्या हाताने परततात, कारण मासे तळाला गप्प बसलेले असतात. दोन-तीन दिवसांनी पाणी पुन्हा एक-दोन अंशांनी वर आलं की खाणं सुरू होतं. सकाळी लवकर उठायचा हट्टही हिवाळ्यात सोडावा. काळ्या चिखलाचा उथळ तळ उन्हाने तापतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला तिथलं पाणी आजूबाजूपेक्षा उबदार असतं. मासे तिथे येतात. जेवून निघालात तरी उशीर झालेला नसतो.

माशांची नावं अनोळखी वाटली तरी घराणी आपल्या ओळखीची आहेत. ट्राउट म्हणतात तो ठिपकेदार सीट्राउट आणि रेडफिश हे दोघेही आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातले. मलेट म्हणजे आपली बोय, तीच जात. थंडी पडू लागली की गाबोळी भरलेले थवे समुद्राकडे निघतात. स्पॅनिश मॅकरेल सुरमईचा सख्खा भाऊ, पण पाणी ७० फॅरेनहाइटच्या खाली गेलं की तो दक्षिणेला जातो आणि मार्चच्या आसपास परततो. स्नूक बघितलात की रायगडच्या माणसाला जिताडा आठवणारच. शास्त्रज्ञही एकेकाळी दोघांना एकाच कुळात धरत.

स्नूकबद्दल मात्र कळकळीने सांगते. हा उष्ण पाण्याचा मासा. पाणी ६० अंशांखाली गेलं की त्याला सोसत नाही, म्हणून तो अलाफिया, लिटल मॅनटी अशा नद्यांत, घरांमागच्या खोल कालव्यांत आणि वीज केंद्रांच्या उबदार पाण्याकडे आश्रय घेतो. जानेवारी २०१० च्या लांबलेल्या थंडीत फ्लोरिडात स्नूक ढिगांनी मेले आणि आखाताच्या बाजूला त्यांना धरून घरी नेण्यावरची बंदी थेट सप्टेंबर २०१३ मध्ये उठली. आजही १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर इथे स्नूक ठेवता येत नाही. चुकून लागला तर पाण्याबाहेर फोटोसेशन करू नका, ओल्या हाताने पटकन सोडा. थंडीने आधीच अर्धमेला असतो बिचारा.

ट्राउट आणि रेडफिशसाठी सात फुटांची हलकी काठी, दहा पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी आणि पुढे हातभर फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळचा पाण्यात सहज न दिसणारा दोरीचा तुकडा, पुरतो. हिवाळ्याचं पाणी नितळ, त्यामुळे मासा दोरी बघतो. वीस पौंडांपेक्षा जाड लीडर टाळा. आमिष म्हणून जिवंत कोळंबी हिवाळ्यात सगळ्यात भरवशाची. कुठल्याही बेट शॉपमध्ये डझनावर मिळते. प्लॅस्टिकच्या जिगने (शिशाच्या डोक्याच्या नकली आमिषाने) धरायचं असेल तर अष्टमांश औंसाचं डोकं लावा आणि दोरी इतकी सावकाश गुंडाळा की तुमचाच धीर सुटावा. जिग तळाला टेकू द्या, थांबा, थोडं उचला, पुन्हा टेकू द्या. थंड पाण्यातला मासा पाठलाग करत नाही, तोंडासमोर आलेलं उचलतो. ट्राउट चार ते सहा फूट खोलीच्या गवतावर किंवा कालव्याच्या तळाशी असतो. एक लागला की तिथेच थांबा, थवा असतो.

पण नव्या माणसाने सुरुवात करावी ती शीपहेडपासून, असं माझं ठाम मत आहे. अंगावर काळे-पांढरे उभे पट्टे, आणि तोंड उघडलं की माणसासारखे दात. या दातांनी तो पुलांच्या खांबांवरची बार्नॅकल (खांबाला चिकटून राहणारे कवचवाले जीव) आणि कालवं फोडून खातो. थंडी त्याला बाधत नाही, उलट हिवाळ्याच्या शेवटी अंडी घालण्यासाठी मोठमोठे शीपहेड पुलांच्या आणि धक्क्यांच्या खांबांपाशी जमतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. बोट लागत नाही, लांब फेकायची कला लागत नाही. एक नांगी मोठी असलेले चिमुकले फिडलर खेकडे किंवा कोळंबीचा तुकडा, छोटा पण मजबूत गळ, त्याच्या वर मोजकं शिसं, आणि खांबाला लागून सरळ खाली सोडायचं. खरं कौशल्य पुढे आहे. शीपहेड ओढत नाही. आमिष तोंडात चुरडून टरफल थुंकतो आणि तुम्हाला फक्त दोरी किंचित जड झाल्याचं जाणवतं. दोरी कायम ताठ ठेवा, बोट दोरीवर ठेवा आणि जडपणा जाणवला की झटका न देता काठी वर उचला. झटका दिलात तर गळ त्याच्या दातांवरून घसरतो. लागला की लगेच खांबापासून दूर ओढा, नाहीतर बार्नॅकलवर घासून दोरी तुटते.

शीपहेडसाठी टॅम्पा बेच्या तोंडाशी असलेला स्कायवे फिशिंग पिअर उत्तम. जुना स्कायवे पूल ९ मे १९८० रोजी समिट व्हेंचर हे मालवाहू जहाज धडकून कोसळला, ३५ माणसं गेली. नवा पूल १९८७ मध्ये झाला आणि जुन्या पुलाचे उरलेले भाग मासेमारीचे धक्के झाले. गाडी थेट धक्क्यावर नेता येते, त्यामुळे आई-बाबा बरोबर असतील तर खुर्च्या, डबा, पांघरूण सगळं हाताशी. उत्तरेचा वारा तिथे चांगलाच झोंबतो, कानटोपी न्या. शिवाय या धक्क्याचा स्वतःचा परवाना असल्याने तुम्हाला वेगळा काढावा लागत नाही. पण तिथे गळांत आणि दोऱ्यांत पेलिकन पक्षी फार अडकत, म्हणून २०२३ पासून खास नियम आहेत: दर वर्षी एक छोटा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करायचा, माणशी दोनच काठ्या, आणि १६ नोव्हेंबर ते १५ मार्च अनेक गळांची माळ किंवा तीन टोकांचा गळ वापरायचा नाही. पक्षी अडकलाच तर दोरी कापून मोकळे होऊ नका. लोंबती दोरी झाडात अडकून तो उपाशी मरतो. हळू ओढून जवळ घ्या, डोकं टॉवेलने झाका, गळ काढा आणि मग सोडा. शेजाऱ्याची मदत मागा, इथे कोणी नाही म्हणत नाही.

बाकी बहुतेक ठिकाणी परवाना हवाच. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. फ्लोरिडाचं ड्रायव्हिंग लायसन्स हाती आलं की रहिवासी दराने वर्षाचा खाऱ्या पाण्याचा परवाना १७ डॉलरला मिळतो, आणि फक्त किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून धरणार असाल तर रहिवाशांना तो फुकट आहे, पण काढावा लागतो. तोपर्यंत बाहेरच्यांचा दर: तीन दिवस १७, सात दिवस ३०, वर्ष ४७ डॉलर. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांची सूट फक्त रहिवाशांना आहे, व्हिजिटवर आलेल्या आई-वडिलांना नाही, हे बरेच जण गृहीत धरून अडकतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मात्र खाऱ्या पाण्यात कोणालाच परवाना लागत नाही. घरच्यांना गोडी लावायला तो दिवस चांगला. हे सगळं एफडब्ल्यूसी, म्हणजे राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं बघतं. सध्या आपल्या भागात ट्राउट १५ ते १९ इंचांचे माणशी तीन, रेडफिश १८ ते २७ इंचांचा एक, शीपहेड किमान १२ इंचांचे आठ. नियम बदलत राहतात, म्हणून जायच्या दिवशी फिश रूल्स ॲपवर बघा आणि मोजपट्टी जवळ ठेवा. २०२४ च्या हेलीन आणि मिल्टन वादळांनी इथल्या धक्क्यांची बरीच मोडतोड केली, तेव्हा धक्का चालू आहे ना हेही पाहून घ्या.

किनाऱ्यापासून थोडं बाहेर, आखातात जायचं असेल तर पहिल्यांदा स्वतःची किंवा मित्राची छोटी बोट नको. जानेवारी-फेब्रुवारीत थंड पाण्यावर उबदार हवा आली की खाडीच्या तोंडाशी दाट धुकं पसरतं, आणि तिथूनच मोठ्या जहाजांचा मार्ग जातो. चार्टर (कप्तानासकट भाड्याच्या) किंवा पार्टी (तिकीट काढून अनेकांनी मिळून जायच्या) बोटीने जा. तिकिटातच परवाना येतो. हिवाळ्यात तीस ते साठ फूट पाण्यातल्या चुनखडीच्या कपारींवर हॉगफिश येतो आणि कोळंबीला छान लागतो. चवीला इतका गोड मासा इथे दुसरा नाही. पुढे खासगी बोटीने गेलात तर स्टेट रीफ फिश अँगलर ही मोफत नोंद आधी करा आणि रीफच्या (समुद्रातल्या खडकाळ कपारींवरच्या) माशांसाठी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरा. बोटीवर मासा कापायचा नाही, डोकं-शेपटासकट किनाऱ्यावर आणायचा.

पाण्यात उतरून चालणार असाल तर वेडर (पाणी आत न येणारी बूट जोडलेली उंच विजार) घाला. साठ अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासात पाय बधिर होतात. पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे वाळूत बसलेला पाकट आधीच निघून जातो. शिंगाळा इथेही आहे आणि त्याचे काटे इथेही तसेच विषारी. हाताने धरू नका, पक्कडीने गळ काढा.

घरी आणल्यावर: ट्राउटचं मांस मऊ असतं, पकडल्याबरोबर बर्फात घाला आणि तळा, कालवणात फार उकळलं तर विरघळतं. त्याच्या मांसात कधी पांढरी लांब अळी दिसते, ती माणसाला बाधत नाही, काढून टाका. शीपहेडची खवलं आणि बरगड्या फार कठीण, सोलायला जाड सुरी लागते, पण मांस घट्ट आणि पांढरं. आगळ, आलं-लसूण, मिरची लावून रव्यात तळावं किंवा नारळाच्या कालवणात घालावं, दोन्हीकडे टिकतं. आणि वसंतात किंग मॅकरेल मिळू लागला की सुरमई मिळाली म्हणून सगळेच हरखतात. त्यात पारा जास्त असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी तो खाऊ नये, असं एफडीए, म्हणजे अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन, स्पष्ट सांगतं.