गोकर्णाचं बी बाटलीत उगवत नाही? या चुका टाळा

राजेहो, टिश्यू कल्चरच्या (बाटलीत निर्जंतुक वातावरणात रोप वाढवायच्या पद्धतीच्या) बाटलीत गोकर्णाचं बी महिनाभर तसंच काळं पडून राहिलं की आपण आधी मीडियाला, म्हणजे बाटलीतल्या खाद्याच्या जेलीला, दोष देतो, हार्मोन वाढवतो, पैसे घालवतो. माझे पहिले दोन लॉट असेच गेले. चूक बाटलीच्या आधीच झालेली असते, सालीत. ही साल इतकी टणक की पाणी आत शिरतच नाही, मग एमएस (मुराशिगे-स्कूग, क्षार-जीवनसत्त्वांचा ठरलेला फॉर्म्युला) मीडिया कितीही चांगला बनवा, बी त्यावर खड्यासारखं पडून राहते.

म्हणून बियाचा डोळा सोडून उलट्या बाजूनं पॉलिश पेपरवर हलकं घासा, आतला फिका रंग दिसला की थांबा. दहा बिया घासून रात्रभर पाण्यात ठेवून बघा, ज्या फुगल्या नाही त्यांना पाणी लागलंच नाही. पण जास्त खोल घासलं तर पुढं बी निर्जंतुक करायचं ब्लीच आत जाते अन् कोंब मरते, हे मला फार उशिरा समजलं.

आता ब्लीच. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली उन्हाळाभरात कमजोर होते, मग तेच माप घेऊनही बुरशी येते. ताजं आणा, थंड अन् अंधारात ठेवा. मी 70 टक्के अल्कोहोलमध्ये 30 सेकंद, मग 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं, अन् लॅमिनारमध्येच (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेल्या, पाण्यानं चारदा धुतो. बुरशी बियापासूनच पसरत असेल तर धुण्यात कसर राहिली, बियापासून दूर कोपऱ्यात आली तर हात, चिमटा नाहीतर हवा तपासा.

मीडियाचा पीएच (आंबटपणाचं माप) 5.8 करा, तेही अगार (मीडिया घट्ट करणारी पावडर) टाकायच्या आधी, फार आंबट झालं तर अगार नीट जमत नाही. उगवणीला अर्ध्या ताकदीचा एमएस पुरते. जिब्रेलिक अॅसिड (उगवणीला मदत करणारं हार्मोन) टाकायचंच असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, उष्णतेनं त्याचा जोर जाते, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मीडिया कोमट झाल्यावर टाका.

अन् एवढं करून कोंब आला की लगेच बाहेर उन्हात नेऊ नका हो! बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर नसल्यासारखाच असते, आपल्या कोरड्या हवेत ती काही तासांत सुकतात. मुळाचा अगार पूर्ण धुवा, त्यातली साखर राहिली की बुरशी धरते. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावून वरून पन्नी झाका, आठवडाभरानं रोज थोडी थोडी उघडा. मी हे काम आता पाऊस लागल्यावरच करतो.