झेड ड्राइव्हवरची लाल फुली: सपोर्टमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

शेअर म्हणजे काय, शेअरची परमिशन आणि फोल्डरची परमिशन यातली जी कडक ती लागू होते, हे तुम्ही कोर्सला शिकलेले असता. ते पुन्हा उगाळत नाही. मॅप केलेल्या ड्राइव्हचा, म्हणजे झेडसारखं अक्षर देऊन जोडलेल्या सर्व्हरवरच्या फोल्डरचा, कॉल आला की आधी एकच विचारा: फुली दिसतेय, पण डबलक्लिक केल्यावर ड्राइव्ह उघडतो का? उघडत असेल तर निवांत राहा. पंधरा मिनिटं न वापरलेलं कनेक्शन विंडोज सर्व्हर मुळातच तोडतो आणि हात लावला की ते परत जोडलं जातं. फुली फक्त सकाळी लॉगइनच्या वेळी येत असेल, तर वाय-फाय जोडायच्या आत विंडोजने ड्राइव्ह शोधलेला असतो. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या सेटिंग्ज एका जागेवरून ठरवायची सोय) लॉगऑनखाली नेटवर्कची वाट बघण्याची सेटिंग आहे, ती चालू करा.

उघडतच नसेल तर रीस्टार्ट मारायला सांगू नका. हा सल्ला देणारे सीनियर सगळीकडे भेटतात. त्याने कधीकधी ड्राइव्ह लागतो, पण कारण कळत नाही आणि आठवड्याने तोच कॉल परत येतो. कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'नेट यूज'ने ड्राइव्ह मॅप करून बघा आणि एरर नंबर लिहून घ्या. प्रॉम्प्ट साधाच उघडा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलात तर युजरचे ड्राइव्ह त्यात सहसा दिसत नाहीत आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

५३ आला तर सर्व्हरपर्यंत पोचत नाही. पिंग लागतं म्हणून शेअर लागेल असं नाही. पॉवरशेलमधून ४४५ नंबरचा पोर्ट तपासा, शेअर त्यावरूनच चालतो. ६७ म्हणजे बहुधा शेअरचं नाव चुकलंय, ५ म्हणजे परमिशन नाही, ८५ म्हणजे ते अक्षर आधीच वापरात आहे. ८६ किंवा १३२६ म्हणजे युजरनेम-पासवर्डची गडबड. पासवर्डच्या जागी लोक सर्रास पिन टाकतात आणि पिन नेटवर्कवर चालत नाही.

आता १२१९. इथे सावकाश वाचा, नवी माणसं इथेच दिवस घालवतात. एका लॉगइनमध्ये एका सर्व्हरशी एकाच युजरनेमने जोडायचं, असा विंडोजचा नियम आहे. वाय ड्राइव्ह युजरच्या स्वतःच्या नावाने जोडलेला आहे आणि टॅलीचा झेड ड्राइव्ह त्याच सर्व्हरवरून दुसऱ्या युजरने जोडायला गेलात, की १२१९. पासवर्ड बरोबर असतो, परमिशन बरोबर असते, तरी लागत नाही. पासवर्ड बदलून काही होणार नाही. उलट क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुना पासवर्ड साठवलेला राहिला तर विंडोज तोच पुन्हापुन्हा पाठवतं आणि डोमेनवरचं (कंपनीच्या सर्व्हरवरून चालणारं) अकाउंट लॉक होतं.

'नेट यूज' एवढंच टाइप करून एंटर मारा. अक्षर असलेल्या ओळींबरोबर एखादी अक्षर नसलेली ओळ दिसेल, जिच्या शेवटी आयपीसी आणि डॉलरचं चिन्ह असतं. कोणी एक्सप्लोररमध्ये नुसतं सर्व्हरचं नाव टाकून उघडलं की अशी ओळ तयार होऊ शकते, आणि झेड ड्राइव्ह काढून टाकला तरी ती राहते. त्या सर्व्हरचे सगळे पाथ कागदावर उतरवा, मग त्याची प्रत्येक ओळ डिलीट करा, ही बिनअक्षरी धरून. नंतर साठवलेले लॉगइन बघायला 'सीएमडीकी /लिस्ट' चालवा. तोच सर्व्हर साध्या नावाने, डोमेनसकट पूर्ण नावाने आणि आयपीने असा तीनदा साठवलेला सापडू शकतो. तिन्ही काढा. साइन आउट करून परत या, कारण उघड्या खिडक्या जुनं कनेक्शन धरून ठेवतात. मगच एकाच युजरने सगळे ड्राइव्ह मॅप करा.

'नावाऐवजी आयपी टाक, चालतं' असं कोणीतरी सांगेलच. चालतं खरं, कारण विंडोजला तो वेगळा सर्व्हर वाटतो. पण डोमेनवर त्याने कर्बेरॉस, म्हणजे युजरची ओळख पटवायची डोमेनची सुरक्षित पद्धत, सुटतं, आयपी बदलला की ड्राइव्ह मेला, आणि साठवलेल्या पासवर्डांत आणखी एकाची भर. माझा याला साफ विरोध आहे. युजरच्या स्वतःच्या अकाउंटला सर्व्हरवर ग्रुपमधून परमिशन द्या, म्हणजे दुसऱ्या युजरची गरजच उरत नाही. आणि एव्हरीवनला फुल कंट्रोल कधीही देऊ नका.

जुन्या नॅसचं, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवायच्या डब्याचं, वेगळं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ पासून एसएमबी सायनिंग (एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा, सायनिंग म्हणजे तिच्या प्रत्येक संदेशावरची सही) सक्तीचं झालं, आणि पासवर्डाशिवायचा गेस्ट प्रवेश तर प्रो आवृत्तीत बंदच असतो. त्यामुळे कालपर्यंत चालणारा ड्राइव्ह अपडेटनंतर लागत नाही. नॅसचं फर्मवेअर अपडेट करा, त्यावर युजर आणि पासवर्ड तयार करा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. एसएमबी १, म्हणजे एसएमबीची जुनी आवृत्ती, मात्र परत चालू करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच्याच भोकातून पसरला. एसएमबी १ शिवाय जे नॅस बोलतच नाही ते बदलावं लागेल, आणि हे मालकाला ईमेलवर लेखी कळवा.