घरी रक्तदाब कसा मोजावा: आठवडाभराच्या नोंदीची रीत

नाशिकमधील अनेक घरांत आता औषधांच्या डब्याशेजारी रक्तदाबाचे यंत्र असते. डोके दुखले, गरगरले किंवा घरात शब्दाला शब्द वाढला की ते बाहेर काढले जाते, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो आणि पडद्यावर 152 उमटले की घरभर काळजी पसरते. उलट 124 दिसले, तर चालू असलेली गोळी उद्यापासून बंद करावी का, याची चर्चा सुरू होते. खरे पाहता या दोन्ही आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. रक्तदाब दर ठोक्याला थोडाथोडा बदलत असतो. म्हणून तो घरी मोजायचा असेल तर ठरावीक स्थितीत बसून, ठरावीक वेळी, सलग आठवडाभर मोजावा आणि सरासरी काढून मगच त्याचा अर्थ लावावा.

आपण नेमके काय मोजतो, हे आधी स्पष्ट असलेले बरे. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. मिनिटाला 70 ठोके धरले, तर शरीरातील जवळजवळ सगळे रक्त, म्हणजे पाच लिटरच्या आसपास, एका मिनिटात हृदयातून फिरून जाते. हृदयाचा डावा खालचा कप्पा आकुंचन पावतो त्या वेळी धमन्यांच्या भिंतींवर जो सर्वाधिक दाब पडतो तो वरचा, म्हणजे सिस्टॉलिक आकडा. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात जो किमान दाब उरतो तो खालचा, म्हणजे डायस्टॉलिक आकडा. हा दाब पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर वर उचलेल, या मापात सांगितला जातो. दंडाला फुगणारा पट्टा बांधून दाब मोजण्याची पद्धत इटलीतील डॉक्टर रिवा-रोची यांनी 1896 मध्ये मांडली आणि पट्टा सैल होताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत रशियातील शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये दिली. घरातील डिजिटल यंत्र मात्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील हवा कमी होत असताना धमनीच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्या हवेत जी अतिशय सूक्ष्म थरथर होते, ती टिपून यंत्र हिशेबाने आकडे काढते. मोजताना हात हलवला, मूठ आवळली किंवा बोलणे चालू ठेवले तर ती थरथर बिघडते, हे एकदा लक्षात आले की पुढच्या बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळते.

यंत्र आणि पट्टा

यंत्र दंडावर बांधायचे घ्यावे. मनगटावरची यंत्रे सोयीची दिसतात, परंतु मनगट हृदयाच्या पातळीपासून थोडे जरी वरखाली झाले तरी आकडा बदलतो, त्यामुळे दंडाला पट्टा बसतच नसेल तरच त्यांचा विचार करावा. गोळे कॉलनीतील औषधबाजारात किंवा घराजवळच्या दुकानात गेल्यावर सवलत किती मिळेल हे विचारण्याआधी यंत्राच्या अचूकतेची स्वतंत्र चाचणी झाली आहे का, हे पाहावे. अशा चाचणीत उतरलेल्या यंत्रांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून देते. शेकडो नोंदी साठवणारे, मोबाइलला जोडले जाणारे यंत्र घेतलेच पाहिजे असे नाही. माझ्या मते त्या पैशांत योग्य मापाचा पट्टा घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

पट्ट्याचे माप ही सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब आहे. शिंप्याची टेप घ्यावी, खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजावा आणि यंत्राच्या पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेशी तो ताडून पाहावा. यंत्राबरोबर येणारा नेहमीचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड 35 सेंटिमीटरचा असताना हाच पट्टा ओढूनताणून बांधला, तर धमनी दाबण्यासाठी त्याला अधिक जोर लावावा लागतो आणि वरचा आकडा सहज 10 मिलिमीटरने किंवा त्याहूनही जास्त फुगतो. अंगाने भरलेल्या माणसाला केवळ लहान पट्ट्यामुळे उच्च रक्तदाबाचा रुग्ण ठरवले जाणे, हा त्या माणसावर अन्यायच आहे. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. तो मात्र त्याच कंपनीचा आणि त्याच यंत्रासाठीचा असावा.

बसण्याची पद्धत

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी-सिगारेट, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. मिश्री लावण्याची सवय असलेल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे आवर्जून सांगावे लागते, कारण मिश्री म्हणजे तंबाखूच होय आणि तिच्यातील निकोटीन नाडीचा वेग आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून किंवा जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारून घरी आल्या आल्या पट्टा बांधू नये. लघवीला जाऊन यावे. मूत्राशय भरलेले असताना वरचा आकडा सुमारे 10 मिलिमीटरने वाढू शकतो.

त्यानंतर पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावे. पलंगाच्या कडेवर किंवा पाटावर मांडी घालून बसू नये. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवावेत. पायावर पाय टाकल्यानेही आकडा काही मिलिमीटरने वर जातो. पाय जमिनीला पोचत नसतील तर खाली पाट ठेवावा. अशा स्थितीत पाच मिनिटे गप्प बसावे, आणि गप्प म्हणजे खरोखरच गप्प: टीव्ही बंद, मोबाइल दूर. पट्टा फुगत असताना शेजारी उभे राहून ‘किती आला?’ असे विचारणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांनाही थोडा वेळ दुसऱ्या खोलीत पाठवावे, कारण नुसत्या बोलण्यानेही रक्तदाब 10 मिलिमीटरच्या आसपास वाढतो.

पट्टा उघड्या दंडावर बांधावा. स्वेटर, शर्टाची बाही किंवा ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तिची वळी दंडाला आवळते आणि मोजमाप बिघडते. अशा वेळी हात बाहीतून सरळ बाहेर काढणे उत्तम. पट्ट्याची खालची कडा कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर यावी, नळी किंवा पट्ट्यावरील खूण दंडाच्या आतल्या बाजूला, धमनीच्या रेषेत असावी आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटे सरकतील इतपतच तो घट्ट असावा. आता हात टेबलावर ठेवून पट्ट्याचा मध्य छातीच्या हाडाच्या मध्याशी समपातळीत येतो का, हे पाहावे. टेबल ठेंगणे असेल तर हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर ठेवावी.

या उशीचे महत्त्व थोडे विस्ताराने सांगतो. दंड हृदयापेक्षा खाली असेल, तर मधल्या उंचीइतक्या रक्ताच्या स्तंभाचे वजन धमनीतील दाबात मिळते. दहा सेंटिमीटरच्या फरकाने आकडा सुमारे 8 मिलिमीटरने वाढतो. तेवढाच हात वर असेल तर तितकाच तो कमी दिसतो. हा निव्वळ भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यामुळे यंत्र कितीही भारी असले तरी त्यातून सुटका नाही. हात मांडीवर ठेवून मोजलेला 142 हा आकडा उशी ठेवल्यावर 134 होऊ शकतो. शिवाय हाताला आधार नसेल तर तो धरून ठेवण्यासाठी स्नायू आवळले जातात आणि त्यानेही दाब चढतो, म्हणून हात पूर्ण सैल सोडावा आणि तळवा वरच्या बाजूला ठेवावा.

नाशिकच्या हिवाळ्याचाही विचार करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी तापमानावर उतरतो, शहरातही पहाट बोचरी असते, आणि थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो. त्या दिवसांत गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत बसून मोजू नये. बंद, उबदार खोलीत बसावे.

आठवड्याचे वेळापत्रक

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा. ज्या हाताचा आकडा सातत्याने जास्त येतो, तोच हात पुढे कायम वापरावा. वरच्या आकड्यात दोन हातांमधील फरक वारंवार 10 मिलिमीटरपेक्षा जास्त येत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण कधी कधी एखाद्या हाताची धमनी अरुंद झाल्याचे ते लक्षण असते. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केलेला आहे, त्या हाताला पट्टा कधीही बांधू नये. स्तनाच्या शस्त्रक्रियेत ज्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या असतील, त्या बाजूबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवी झाल्यानंतर, परंतु न्याहारीच्या आणि रक्तदाबाच्या गोळीच्या आधी, एक-एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे. रात्री जेवणाच्या आधी किंवा झोपण्यापूर्वी पुन्हा तसेच दोन वेळा. असे सात दिवस करावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाकडे न पाहता स्वतःच्या झोपेकडे पाहावे: दुपारी दोनला झोपून उठत असाल तर तीच आपली सकाळ. पाळी बदलण्याचा आठवडा नोंदीसाठी शक्यतो निवडू नये.

प्रत्येक नोंद लगेच वहीत लिहावी: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी. आकडे पाच-दहाच्या पटीत बसवू नयेत आणि न आवडलेला आकडा गाळू नये. शेजारी थोडी जागा सोडून झोप अपुरी झाली, सर्दीची गोळी घेतली, गुडघेदुखीसाठी वेदनाशामक घेतले, रविवारी मिसळीबरोबर फरसाण-पापड झाले, असे दोन शब्द टिपावेत. नाक मोकळे करणारी काही औषधे आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवतात. मिठाचे तर सर्वांना ठाऊकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहूनही कमी, मीठ खावे असे सांगितले आहे आणि त्यात पापड, लोणचे, चिवडा यांतील मीठही धरलेले आहे.

पहिल्या दिवसाच्या नोंदी सरासरीत घेऊ नयेत, कारण नवेपणाच्या ताणाने त्या बहुधा चढ्या येतात. उरलेल्या सहा दिवसांच्या 24 नोंदी राहतात. समजा, वरच्या आकड्यांची बेरीज 3288 झाली आणि खालच्यांची 2016. दोन्हींना 24 ने भागले की सरासरी 137/84 येते. दवाखान्यात 140/90 ही उच्च रक्तदाबाची रूढ मर्यादा असली, तरी घरी मोजलेल्या सरासरीसाठी ती 135/85 धरतात, कारण घरी माणूस अधिक निवांत असतो. दोहोंपैकी एक आकडा मर्यादेला पोचला तरी पुरे होते. म्हणजे या उदाहरणात खालचा आकडा मर्यादेत असूनही वरच्यामुळे डॉक्टरांची भेट घ्यायलाच हवी. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टर याहून कमी आकड्याचे लक्ष्य देतात.

एकदा आठवडा झाला की रोज दहा वेळा मोजण्याचे कारण उरत नाही. त्याने काळजी वाढते आणि काळजीने आकडा. पुढच्या भेटीआधी पुन्हा तसाच एक आठवडा मोजावे.

थांबू नये अशा वेळा

वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 पर्यंत पोचला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तो तसाच राहिला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक अंधुक दिसणे यांपैकी काहीही असेल, तर तिसऱ्यांदा मोजत न बसता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशी लक्षणे असतील तर आकडा कमी असला तरी थांबू नये. लक्षणे नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरातील दुसऱ्या कोणाची गोळी मनाने देऊ नये. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर 140/90 हा आकडाही त्याच दिवशी दाखवण्याचा असतो.

उठून उभे राहताना ज्येष्ठांना अंधारी येत असेल, तर बसून मोजल्यानंतर त्यांना उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे; त्या वेळी एकाने शेजारी आधाराला उभे राहावे. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर ते डॉक्टरांना कळवावे. यंत्रावर अनियमित ठोक्यांचे चिन्ह वारंवार दिसत असेल, तर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी पाहावी. ठोके कुठलाही ताल न धरता पडत असतील तर ईसीजी काढून घ्यावा, कारण हृदयाची लय अशी बिघडली की पक्षाघाताचा धोका वाढतो आणि घरगुती यंत्राच्या आकड्यांचाही भरवसा कमी होतो.

यंत्र नसलेल्यांनी अडून राहू नये. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर यंत्रही पिशवीत टाकावे आणि वर्षातून एकदा त्यांच्या यंत्राशेजारी, त्याच हातावर, मिनिटाच्या अंतराने ते पडताळून घ्यावे. पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. फरक वारंवार दहाच्या पुढे जात असेल तर आधी पट्टा आणि बॅटरी बदलून पाहावी. तरीही तो राहिला तर नवे यंत्र घ्यावे आणि जुन्या यंत्राच्या नोंदींवरून गोळीची मात्रा बदललेली असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.