१८५६ चा फ्लाइंग ईगल घेताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेच्या छोट्या सेंटचे पॅटर्न, म्हणजे टांकसाळीने चाचणीसाठी पाडलेले नमुने, जमवायला लागलेले बरेच जण नुसती तारीख वाचतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. सगळ्यात जास्त फसतात ते १८५६ च्या फ्लाइंग ईगलमध्ये, म्हणजे उडत्या गरुडाच्या सेंटमध्ये.

पहिली गोष्ट, हे चलनातलं नाणं नाहीच, पॅटर्न आहे. तांब्याचा मोठा सेंट टांकसाळीला परवडेना, म्हणून टांकसाळीचा मुख्य कोरीवकार लाँगेकर याने १९ मिलिमीटरचा, ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के निकेलचा सेंट तयार केला, गरुड घेतला त्याच्या आधीचा कोरीवकार गोब्रेख्ट याच्या १८३६ च्या डॉलरवरचा, आणि हे नमुने काँग्रेसच्या मेंबरांना वगैरे वाटले. कायदा झाला २१ फेब्रुवारी १८५७ ला, लोकांच्या हातात नवा सेंट पडला २५ मे ला. नंतर कलेक्टरांची मागणी वाढली तसे टांकसाळीने १८५६ तारखेचेच आणखी पाडले.

न्यू जर्सीतल्या ओळखीच्या एका मुलाने असा एक स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, मग मला फोन, "काका, वजन बरोब्बर ४.६७ ग्रॅम आलंय, म्हणजे ओरिजिनलच ना?" अरे बाबा, १८५८ च्या ८ चा कोरून ६ केला तर वजन तेच, धातू तोच, नाणंही टांकसाळीतलंच! वजनकाट्यावर ओतीव नकली सापडेल, तारीख बदललेलं कसं सापडणार? भिंगाखाली बघितलं तर अमेरिका या शब्दातले ए आणि एम सुटे, म्हणजे सरळ १८५८ चं लहान अक्षरांचं नाणं. खऱ्या १८५६ वर ते खाली चिकटलेले असतात. विकणारा तोवर फोन उचलेनासा झाला होता. मी आधी ५ बघतो, त्याची उभी रेघ खालच्या गोळ्याच्या मध्यावर यायला हवी, मग ए-एम, आणि शेवटी उजेड तिरका धरून ६ च्या आजूबाजूला खरवडल्याच्या खुणा. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोकांना तेवढाही धीर नाही.

१८५० चा भोकवाला सेंट कुणी ड्रिल मारून खराब केलाय असं समजून टाकून देऊ नका, तोही पॅटर्नच, तसाच पाडलाय, त्यात थोडी चांदी आहे.

पॅटर्न घासून चमकवू नका. कधीच नाही.

१८५८ च्या नाण्यावर इंडियन हेड (पिसांचा मुकुट घातलेलं डोकं) किंवा मागे वेगळी माळ दिसली की लोक त्याला एरर, म्हणजे टांकसाळीत चुकून पडलेलं नाणं म्हणतात. त्या वर्षी मोठा गरुड, छोटा गरुड, इंडियन हेड अशा तीन पुढच्या बाजू आणि चार मागच्या बाजू जुळवून बारा-बाराचे सेट कलेक्टरांना विकले होते. आणि इंडियन हेडचा तो चेहरा लाँगेकरच्या छोट्या मुलीचा, साराचा, ही गोष्ट सांगणं आता बंद करा. १८५८ मध्ये ती तीस वर्षांची, लग्न झालेली बाई होती.

१८५९ च्या चालू सेंटवर मागे लॉरेलची माळ आहे, ओकची माळ आणि वर ढाल आली १८६० ला. पण १८५९ तारखेचे ढालवाले पॅटर्नही आहेत आणि ते साध्या नाण्यांच्या ढिगात सहज खपून जातात, म्हणून १८५९ हातात आला की मी तो आधी उलटा करून बघतो.