माध्यम आणि जनसंवादाची पदवी: अभ्यास नेमका कसा करायचा

या पदवीत तीन निराळी कामं एकाच वेळी शिकायची असतात. सिद्धांत वाचायचे, संशोधन करायचं आणि स्वतः बातमी, ऑडिओ किंवा व्हिडिओ तयार करायचा. बहुतेक जण या तिन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवतात आणि दर सेमिस्टरला तीन नव्या विषयांची शून्यापासून तयारी करता करता दमून जातात. आमचा आग्रह असा, की पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एक क्षेत्र धरावं: आरोग्याच्या बातम्या, स्थलांतर, महिलांच्या खेळाचं वार्तांकन, लहान मुलांसाठीच्या जाहिराती, जे आवडेल ते. पुढे जिथे विषय निवडायची मुभा मिळेल तिथे तेच क्षेत्र घ्यावं. निबंधासाठी वाचलेले लेख संशोधनाला आधार म्हणून लागतात, संशोधनात भेटलेले जाणकार माहितीपटात बोलायला तयार होतात, आणि शेवटच्या वर्षीच्या प्रबंधाला हाताशी साहित्य असतं. मात्र एका विषयासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्या विषयाला जसाच्या तसा देऊ नका. स्वतःचाच असला तरी तो वाङ्मयचौर्यात मोजला जातो.

क्षेत्र ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा. त्यावरचं माध्यमसाहित्य, म्हणजे जुने अंक, प्रक्षेपणं, पोस्ट, तुम्हाला खरोखर मिळतंय का? आणि त्या क्षेत्रातली निदान पाच माणसं तुमच्याशी बोलतील का? ‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’ हा विषय दरवर्षी सर्वाधिक निवडला जातो आणि दरवर्षी फसतो. परिणाम मोजायला प्रयोग किंवा दीर्घकाळचं निरीक्षण लागतं, आणि पदवीच्या विद्यार्थ्याकडे जेमतेम एक सेमिस्टर असतं.

सिद्धांत प्रश्नांनी लक्षात ठेवा

नाव, साल आणि व्याख्या पाठ करून काम भागत नाही. प्रत्येक सिद्धांताला अर्धं पान द्या आणि चार गोष्टी लिहा: अभ्यासकांना पडलेला प्रश्न काय होता, तेव्हा त्यांच्यासमोर कोणतं माध्यम होतं, पुरावा कसा गोळा केला, आणि शंका कुठे घेता येते.

अजेंडा सेटिंगचंच, म्हणजे लोकांना कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटतात यावरच्या माध्यमांच्या प्रभावाचंच, उदाहरण घ्या. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी तिथल्या चॅपल हिल या गावातल्या १०० मतदारांना विचारलं, की तुमच्या मते सर्वांत महत्त्वाचे प्रश्न कोणते? मत कोणाला द्यायचं हे अजून न ठरलेलेच मतदार त्यांनी निवडले होते. त्याच काळात तिथे वाचली आणि पाहिली जाणारी वर्तमानपत्रं, मासिकं आणि टीव्हीवरच्या बातम्या तपासून कोणत्या मुद्द्याला किती जागा मिळाली हे मोजलं. दोन्ही याद्यांचा क्रम खूपच जुळला. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढं नीट समजलं की परीक्षेतली नेहमीची चूक टळते. ती चूक म्हणजे ‘माध्यमं लोकांची मतं बनवतात’ असं लिहिणं. इथला दावा मर्यादित आहे: कोणता मुद्दा महत्त्वाचा वाटतो, हे माध्यमांनी त्याला दिलेल्या जागेशी जुळतं. शंकाही इथेच घ्यायची. ही एका ठिकाणची, एका वेळची मोजणी आहे. लोकांना आधीपासून ज्याची चिंता होती तेच संपादकांनी छापलं असेल, ही शक्यता तिच्यातून बाद होत नाही. उत्तरात ही दोन वाक्यं असली की तुम्ही मूळ अभ्यास वाचलाय हे परीक्षकाला लगेच कळतं.

गेटकीपिंगलाही, म्हणजे कोणती बातमी पुढे जाऊ द्यायची हे ठरवण्याच्या सिद्धांतालाही, हीच पद्धत लावा. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांच्या १९५० च्या अभ्यासात एका वर्तमानपत्राच्या संपादकाने वृत्तसंस्थांकडून आठवडाभर आलेल्या मजकुरातलं जे जे नाकारलं, त्यावर नकाराचं कारण लिहून ठेवलं. सुमारे नऊ दशांश मजकूर त्याने बाजूला टाकला होता. काही कारणं निव्वळ वैयक्तिक आवडीनिवडीची होती, तर पुष्कळदा जागाच नव्हती. आता स्वतःला विचारा, जिथे अल्गोरिदम क्रम ठरवतो आणि जागा कधीच संपत नाही, तिथे ‘नाकारणं’ म्हणजे काय? असा प्रश्न काढता आला तर निबंधाचा निम्मा आराखडा तयार झाला.

बाकीचे सिद्धांत एका काळरेषेवर मांडून ठेवा: लासवेलचं ‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, काय परिणामासह’ हे १९४८ चं सूत्र, १९७३ ची स्टुअर्ट हॉल यांची एन्कोडिंग–डिकोडिंगची मांडणी (माध्यम संदेशात अर्थ भरतं, प्रेक्षक तो आपापल्या परीने उलगडतो), १९७४ चा नोएल-नॉयमन यांचा मौनाच्या आवर्ताचा सिद्धांत (आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प राहतो), गर्बनर यांचा टीव्ही जास्त पाहणाऱ्यांच्या जगाविषयीच्या समजुतींचा अभ्यास. काळरेषा समोर असली की माध्यमं सर्वशक्तिमान मानणारे, त्यांची ताकद मर्यादित मानणारे आणि प्रेक्षकालाच केंद्रस्थानी आणणारे अभ्यासक एकमेकांना उत्तरं देत होते हे दिसतं.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग पद्धत, आणि उपयोगाचा वाटला तरच सगळा. टिपण तीन ओळींचं पुरे: दावा, पुरावा, माझी शंका. पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. नंतर शोधायला तिप्पट वेळ जातो.

संशोधन: आशय विश्लेषण हाताने करून पाहा

आशय विश्लेषण म्हणजे माध्यमांतल्या मजकुरात काय किती वेळा येतं हे ठरलेल्या नियमांनी मोजणं. पदवीच्या पातळीवर सर्वांत जास्त शिकवणारी पद्धत हीच. प्रश्न मोजता येईल इतका लहान करा. ‘माध्यमं स्थलांतरितांना कसं दाखवतात’ हा प्रश्न चालणार नाही. ‘या दोन वर्तमानपत्रांनी सहा महिन्यांत स्थलांतराच्या बातम्यांमध्ये स्वतः स्थलांतरितांचं म्हणणं किती वेळा दिलं’ हा चालेल.

अंक निवडताना सलग आठवडा घेऊ नका. त्या आठवड्यात एखादी मोठी घटना घडली असेल तर सगळी आकडेवारी तिच्याकडे झुकते. त्याऐवजी रचित आठवडा घ्या: सहा महिन्यांतल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, तसाच एक मंगळवार, असे सातही वार. रविवारच्या अंकाचं स्वरूप इतर दिवसांपेक्षा वेगळं असतं, म्हणून वारांचं प्रमाण राखणं गरजेचं. असे दोन आठवडे घेतले की १४ अंक होतात, आणि दोन वर्तमानपत्रांचे २८. एका माणसाला झेपण्यासारखं हे काम आहे.

मग कोडबुक, म्हणजे प्रत्येक बातमीत काय मोजायचं आणि त्याला कोणता आकडा (कोड) द्यायचा याची नियमावली. इथेच सगळ्यांची गाडी अडते. ‘बातमीचा सूर: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ’ असा रकाना केलात तर दोन माणसं एकाच बातमीला दोन वेगळे कोड देतील, कारण ‘सकारात्मक’ म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नाही. दिसणाऱ्या गोष्टी मोजा. स्थलांतरिताचं थेट अवतरण आहे की नाही? असल्यास शब्द किती? नाव दिलंय का? पहिल्या तीन परिच्छेदांत आलंय की नंतर? प्रत्येक रकान्याखाली नियम लिहा आणि अडचणीचं एक उदाहरण द्या. उदाहरणार्थ, ‘संघटनेचा प्रवक्ता स्वतः स्थलांतरित असला, पण बातमीत तसा उल्लेख नसला, तर कोड ० द्यावा’. आधी नमुन्याबाहेरच्या दहा बातम्यांवर कोडबुक चालवून पाहा. निम्मे नियम तेव्हाच बदलावे लागतील, आणि ते तेव्हाच बदललेले बरे.

निदान १० टक्के बातम्या दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या. जुळलेल्या कोडांची नुसती टक्केवारी देऊ नका. १०० पैकी ९० बातम्या एकाच गटात पडत असतील, तर दोघांनी न वाचता त्याच प्रमाणात खुणा केल्या तरी योगायोगाने ८२ टक्के जुळणी निघते. म्हणून क्रिपेनडॉर्फचा अल्फा, म्हणजे योगायोगाची जुळणी वगळून खरी जुळणी दाखवणारा आकडा, काढतात. तो ०.८० किंवा जास्त असेल तर उत्तम. ०.६६७ पेक्षा खाली गेला तर रकान्याचा नियम सुधारून सगळं पुन्हा कोड करा.

सर्वेक्षणाबद्दल एकच इशारा देतो. ४०० जणांचा नमुना असला की चुकीची मर्यादा साधारण ५ टक्के, हे गणित यादृच्छिक नमुन्याचं, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या माणसांचं, आहे. ओळखीच्या ग्रुपवर फॉर्म फिरवून ४०० उत्तरं मिळवलीत तर ते लागू होत नाही. तसा नमुना जरूर घ्या, पण तो सोयीचा नमुना आहे असं स्पष्ट लिहा आणि निष्कर्ष ‘उत्तर देणाऱ्यांपैकी’ या शब्दांनी सुरू करा.

प्रॅक्टिकल: आधी आवाज, मग चित्र

हललेलं किंवा जरा अंधारलेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न समजणारा आवाज अजिबात नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी माइकवर लक्ष द्या. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण पंख्याची घरघर आणि रस्त्याचा गोंगाट तेवढाच राहतो. नंतर एडिटमध्ये आवाज वाढवलात की घरघरही वाढते. लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर, ओढणी, केस किंवा दागिना घासणार नाही असा लावा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर करा. बोलण्याचे सर्वांत मोठे चढ उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नीट परत मिळत नाही. हेडफोन शूटिंगभर कानावर हवेत, फक्त सुरुवातीच्या चाचणीपुरते नकोत. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद खोलीचा रिकामा आवाज घ्या. दोन वाक्यांमधला कट झाकायला तोच लागतो.

चित्रासाठी सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर सेकंदाच्या ५० व्या हिश्शावर ठेवा. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे ट्यूबलाइटची लुकलुकही त्याने टळते, ६० हर्ट्झ असेल तिथे ३० फ्रेम आणि ६० वा हिस्सा. एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर टाका, नाहीतर मागून कोणी गेलं की चेहरा उजळतो-काळवंडतो. कोणतंही काम दाखवायचं असेल तर पाच शॉट हमखास घ्या: हातांचा क्लोज, चेहऱ्याचा क्लोज, वाइड, खांद्यावरून, आणि एक वेगळ्या कोनातला. प्रत्येक शॉट कॅमेरा न हलवता १० सेकंद धरा. ‘मिळाला’ वाटताक्षणी पॅन करायची, म्हणजे कॅमेरा बाजूला फिरवायची, सवय नवख्यांना नडते, कारण एडिटला बसल्यावर स्थिर असे दोन सेकंदही हाती येत नाहीत.

बोलणाऱ्याला प्रश्न उत्तरात गुंफून बोलायला आधीच सांगा. ‘हो, तेव्हापासूनच’ एवढं उत्तर तुमच्या प्रश्नाशिवाय वापरता येत नाही. संमतीपत्रावर सही रेकॉर्डिंगपूर्वी घ्या, आणि त्यात फुटेज कुठे कुठे दाखवलं जाईल हे लिहा. वर्गात दाखवायला दिलेली संमती इंटरनेटवर टाकायला पुरत नाही.

साठवणीचा हिशेब आधी करा. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलेलं फुटेज तासाला ४५ गिगाबाइट होतं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. निदान दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. मुलाखतीचं शब्दांकन यंत्राकडून करून घेतलंत तरी ऐकून तपासा. विशेषनावं आणि आकडे यांत ते हमखास चुकतं. हाताने उतरवायचं तर तासाभराच्या मुलाखतीला चार तास तरी धरा.

निबंध, प्रबंध आणि पोर्टफोलिओ

प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करा. ‘चिकित्सा करा’ म्हटल्यावर वर्णनाचे गुण फार मिळत नाहीत. एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्याला एक पुरावा आणि एक उदाहरण. संदर्भांसाठी पहिल्या दिवसापासून झोटेरोसारखं विनामूल्य सॉफ्टवेअर वापरा. ते आपसूक भरून घेतं ती लेखकांची नावं आणि सालं मात्र प्रत्येक वेळी तपासा. एआयच्या मदतीने मिळालेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत सापडतो का ते पाहा. खरं वाटणारं शीर्षक आणि खऱ्याच अभ्यासकाचं नाव जोडून ही साधनं अस्तित्वात नसलेले लेख सांगतात, आणि एक खोटा संदर्भ सापडला की परीक्षक बाकीच्या सगळ्यांकडे संशयाने बघतो.

प्रबंधाचं वेळापत्रक शेवटाकडून मागे आखा. १६ आठवडे हाताशी असतील तर शेवटचे दोन तपासणी आणि संदर्भांसाठी राखा, त्याआधीचे चार लेखनाला, त्याआधीचे पाच माहिती गोळा करण्याला. सुरुवातीच्या पाचांत वाचन, प्रश्न, नैतिक मान्यता आणि चाचणी. माणसांशी संबंधित संशोधनाला मान्यता मिळायला अनेकदा काही आठवडे जातात, म्हणून तो अर्ज पहिल्याच आठवड्यात तयार करा. पद्धतीचं प्रकरण काम सुरू असतानाच लिहा, नंतर कोणता निर्णय का घेतला ते आठवत नाही.

पोर्टफोलिओत सहा कामं पुष्कळ झाली आणि सर्वांत चांगलं काम सर्वांत वर. गटात केलेल्या प्रत्येक कामाखाली तुम्ही नेमकं काय केलंत ते दोन ओळींत लिहा: ‘मुलाखती आणि आवाजाचं एडिटिंग माझं, छायाचित्रण सहकाऱ्यांचं.’ इंटर्नशिपच्या मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो. पदवी संपली की विद्यापीठाच्या खात्यावरची साठवण बंद होऊ शकते, म्हणून सगळं त्याआधीच स्वतःच्या खात्यावर हलवा. मग लॉगआउट करून अनोळखी माणसाला प्रत्येक लिंक उघडते का ते तपासा.