चार्जिंगचा डेटा बघताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाड्यांचा चार्जर कुठे लावायचा ते डेटावरून ठरवा असं आता सगळेच म्हणतात, पण एक्सेल उघडलं, पिव्होट टेबल मारून बेरजा काढल्या की झालं ॲनालिसिस, अशी समजूत आहे लोकांची. तेच तेच घोटाळे बघून कंटाळा आलाय.

सगळ्यात वाईट म्हणजे "युनिट कमी गेले, तिथे मागणीच नाही". गोव्यात पर्वरीच्या बाजूला एका हॉटेलच्या आवारातला फास्ट चार्जर याच हिशेबाने उचलायचं चाललं होतं, पावसाळ्यातला आकडा जवळजवळ शून्य. मी विचारलं, शून्य युनिटवाली सेशन्स, म्हणजे गाडी जोडली पण वीज गेलीच नाही अशा नोंदी, कुठायत? तर ती "कचरा" म्हणून आधीच फिल्टर करून टाकलेली! परत आणली तर दिसलं की माणूस येतो, गन (चार्जरच्या केबलचा प्लग) गाडीला लावतो, मिनिटभरात सेशन तुटतं, परत लावतो, परत तुटतं, मग दुसरी गन लावून बघतो आणि वैतागून निघून जातो. स्टेटस लॉगमध्ये ओळीने फॉल्टेड (बिघाड), कारण ग्राउंड फेल्युअर, म्हणजे अर्थिंगचा दोष. वर छप्पर नाही, कनेक्टरमध्ये पाणी, आणि आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो ते काय सांगायचं. मागणी होती, चार्जर आजारी होता. म्हणून मी पहिल्यांदा शून्य सेशन्सच मोजतो, आणि वापर काढताना चार्जर धड चालू होता तेवढेच तास धरतो.

दुसरी, वेळ. ओसीपीपी, म्हणजे चार्जर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ती, तिच्या मेसेजमधली वेळ बहुतेकदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री आठची गर्दी शीटमध्ये दुपारी अडीचला दिसते आणि कुणीतरी संध्याकाळ रिकामी समजून खुशाल संध्याकाळचा डिस्काउंट जाहीर करून मोकळा होतो. शिवाय पहाटे साडेपाचच्या आधीचं सगळं आदल्या तारखेत जातं, ते वेगळंच.

वर्षाची सरासरी काढू नका, डिसेंबरातलं कळंगुट आणि जुलैतलं कळंगुट एक नव्हे, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) अर्धी पणजी गावच्या घरी असते.

गन लागलीय म्हणजे चार्जिंग चाललंय असं नाही. 80 टक्क्यांनंतर स्पीड पडतो, पुढे गाडी फुल्ल झाली तरी मालक किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये खात-पीत बसलेला. अडवलेला वेळ वेगळा, चार्जिंगचा वेगळा.

60 किलोवॅटचा चार्जर असला तरी गाडी झेपेल तेवढंच घेणार.

नवीन पोरांना तर पहिल्याच आठवड्यात फोरकास्टिंग मॉडेल लावायचं असतं. अरे, आधी चार्जरपाशी तासभर उभा तरी रहा! तिथे कळेल की तुझ्या यादीतला तो "दिवसाला पाच वेळा चार्ज करणारा लॉयल कस्टमर" म्हणजे रेंट-अ-कॅबवाल्याचं (स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देणाऱ्याचं) एकच कार्ड आहे, गाड्या पाच, ड्रायव्हर रोज नवे टुरिस्ट.