जुन्या फुताबा रिमोटला २.४ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल कसं टाकायचं

माळ्यावर मॉडेल विमानाचा ७२ मेगाहर्ट्झचा जुना रिमोट पडलाय? भंगारात घालू नका. त्याच्या स्टिकला जो हात बसलेला असतो तो नव्या स्वस्त सेटला येत नाही, आणि बिघडलेलं तसं काहीच नसतं, फक्त आता क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा छोटा भाग) मिळत नाही, रिसीव्हर मिळत नाही आणि मैदानात दुसऱ्या कुणी त्याच फ्रिक्वेन्सीवर रिमोट चालू केला की एखादं विमान खाली आलंच समजा. मी माझ्या चार चॅनेलच्या फुताबा स्कायस्पोर्टला नवं मॉड्यूल टाकलंय, तेच सांगतो.

आधी एक डोक्यात घ्या, आत दोन वेगळी कामं चालतात. एक सर्किट स्टिक कुठे आहेत ते बघून पल्सची माळ बनवतं, तिला म्हणतात पीपीएम. दर चॅनेलला (म्हणजे थ्रॉटल, रडर अशा एकेका कंट्रोलला) साधारण १ ते २ मिलिसेकंद, मग एक लांब गॅप, की परत पहिल्यापासून, असं सेकंदाला ५०च्या आसपास वेळा. दुसरा भाग ही माळ फक्त हवेत फेकतो. आपल्याला तो दुसराच भाग बदलायचाय, पहिल्याला हात लावायचा नाही. (सेटवर पीसीएम, म्हणजे डिजिटल सिग्नलचा मोड असेल तर तो पीपीएमवर किंवा एफएमवर टाका, नाहीतर काही जमणार नाही.)

मॉड्यूल घ्यायचं ते मल्टिप्रोटोकॉल, फोर-इन-वन वालं, म्हणजे चार रेडिओ चिपचं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी त्यांच्या भाषेत (प्रोटोकॉलमध्ये) बोलणारं. एक्सप्रेसएलआरएसचं (दुसऱ्या एका रेडिओ सिस्टिमचं) घेऊ नका, ते चांगलं आहे पण मुळात सीरियल सिग्नलसाठी बनलंय, पीपीएम सगळ्यांना कळेलच असं नाही. माझा एक मित्र ते घेऊन बसलाय, अजून ड्रॉवरमध्येच आहे.

आता खरी गंमत, पीपीएम शोधायचा कुठे? मागे ट्रेनरचं गोल सॉकेट असेल तर तिथे मिळतो. नसेल तर झाकण उघडा, मेन बोर्डवरून रेडिओच्या बोर्डकडे तीन-चार वायरी जातात, त्यात एक प्लस, एक ग्राउंड आणि एक आपली. ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही. कॉम्प्युटरचा जुना अँप्लिफायरवाला स्पीकर घ्या, त्याच्या इनपुटला १० के रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर सिरीजमध्ये लावा, ग्राउंडला ग्राउंड जोडा आणि टोक एकेका वायरीला टेकवत जा. आवाज एकदम बारीक ठेवा! बरोबर वायरीवर डास कानाशी आल्यासारखी भुणभुण येते आणि स्टिक हलवली की त्या भुणभुणीचा पोत बदलतो. मला तिसऱ्या वायरीवर ती ऐकू आली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले आणि आई आतून ओरडली, काय वाजवतोयस रे एवढ्या रात्री.

सापडला की मीटरनं व्होल्टेज बघा, पण मीटर सरासरी दाखवतो, म्हणून माळ बॅटरीइतकी उंच असेल असंच धरून चाला. आठ सेलची बॅटरी म्हणजे ९.६ व्होल्ट, नुकती चार्ज केलेली ११च्या घरात जाते, ते मॉड्यूलच्या पिनवर सरळ देऊ नका. सिग्नलच्या वाटेत २२ के आणि तिथून ग्राउंडला १० के, म्हणजे साधारण ३ व्होल्ट उरतात. रेझिस्टर पुण्यात तापकीर गल्लीत चिल्लर भावात मिळतात.

मॉड्यूलच्या मागच्या पाच पिनांपैकी पहिली पीपीएम, तिसरी बॅटरी, चौथी ग्राउंड. बरीच मॉड्यूलं बॅटरीवर थेट चालतात, तरी तुमच्यावर काय लिहिलंय ते बघूनच जोडा, चालत नसेल तर छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) टाका. ७८०५ (५ व्होल्टचा साधा रेग्युलेटर) लावू नका, उरलेले व्होल्ट तो नुसते गरम करण्यात घालवतो.

जुन्या रेडिओ बोर्डाची पॉवर मात्र तोडाच. बिनअँटेनाचा चालू राहिला तर त्याचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो आणि बॅटरी फुकट खातो ते वेगळंच. लांब अँटेना काढून त्याच भोकातून नवी बाहेर काढा. आणि मॉड्यूलसुद्धा अँटेना लावल्याशिवाय कधीच चालू करायचं नाही.

बाइंडला (मॉड्यूल आणि रिसीव्हरची जोडी जुळवायला) मॉड्यूलवरचा डायल तुमच्या रिसीव्हरच्या प्रोटोकॉलवर ठेवा (कुठला आकडा कशाचा ते मॉड्यूलच्या माहितीपत्रकात असतं). चालू करतानाच डायल वाचला जातो, नंतर फिरवून उपयोग नाही. मग बाइंडचं बटन दाबून धरून स्विच टाका. मी फ्रस्काय डी८चा रिसीव्हर वापरतो, त्याचा फेलसेफ (सिग्नल तुटला तर काय करायचं ते) रिसीव्हरवरच बटन दाबून सेट होतो, पीपीएमवर हे फार सोयीचं पडतं. रेंज कमी वाटली तर मॉड्यूलमधल्या सीसी२५०० चिपची फ्रिक्वेन्सी बारीक जुळवावी लागते, पीपीएममध्ये ते काम फर्मवेअरमध्येच करायला लागतं, जरा कटकट आहे.

शेवटचं, पण प्रॉपेलर काढूनच. फुताबाचा थ्रॉटल उलटा असतो. स्टिक खाली असताना ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) वाटतं फुल दिलाय, म्हणून तो नुसता बीप करत बसतो, आपण वैतागून स्टिक वर नेतो, तो खूश होऊन आर्म होतो (मोटर फिरवायला तयार होतो) आणि आपण स्टिक खाली आणली की मोटर फुल! रिमोटवरचा थ्रॉटलचा रिव्हर्स स्विच टाका, थ्रॉटल खाली ठेवून फेलसेफ परत सेट करा, आणि रिमोट बंद केल्यावर मोटर थांबते का ते दोनदा बघून मगच प्रॉपेलर लावा.